हवाई बेटांवर जुनी दगडी मंदिरं आहेत का? त्यांच्या काही दंतकथा आहेत का?

हो, आहेत. तिथे त्यांना 'हेइआऊ' म्हणतात. आपल्यासारखा गाभारा किंवा कळस मात्र नसतो. लाव्ह्याच्या दगडांचा भलामोठा उघडा चौथरा, त्यावर एके काळी गवताने शाकारलेल्या झोपड्या, लाकडी मूर्ती आणि नैवेद्याचे माचे. लाकूड-गवत कधीच गेलं, दगड उरले.

मी पुउकोहोलाबद्दल सांगतो, कारण तिथे दंतकथा आणि इतिहास एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. हे मंदिर हवाई नावाच्याच, या समूहातल्या सगळ्यात मोठ्या बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, कावाइहाएच्या टेकडीवर आहे. १७९० च्या सुमारास कामेहामेहा हा सरदार भाऊबंदांशी लढत होता आणि बेट काही पूर्ण हाती येत नव्हतं. तेव्हा कापोउकाही नावाच्या द्रष्ट्या पुरोहिताने सांगितलं, की या टेकडीवर युद्धदेव कूकाइलिमोकूचं मंदिर बांध, सगळी बेटं तुझी होतील.

मग काम सुरू झालं. परंपरा सांगते, की दगड सुमारे ४० किलोमीटरवरच्या पोलोलू खोऱ्यातून आले, तेही माणसांची रांग लावून, हातोहात. कामेहामेहाने स्वतः दगड वाहिले, पण धाकट्या भावाला त्यांना हातही लावू दिला नाही. विधीसाठी घरातलं कोणीतरी सोवळ्यात राहायला हवं होतं. चुना-माती कसलीच नाही, नुसती दगडावर दगड अशी रचाई.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती केओउआची गोष्ट. हा कामेहामेहाचा चुलतभाऊ आणि मोठा प्रतिस्पर्धी. १७९० मध्ये त्याचं सैन्य किलाउएआ ज्वालामुखीजवळून जात असताना उद्रेक झाला आणि त्यातले बरेच योद्धे मेले. अग्निदेवी पेले कामेहामेहाच्या बाजूची आहे, असं लोक म्हणू लागले. पुढच्या वर्षी मंदिराच्या प्रतिष्ठापनेचं बोलावणं आलं आणि केओउआ होडीतून निघाला. परतणं नाही हे त्याला ठाऊक होतं, वाटेत त्याने मरणाची तयारीही केली होती, असं सांगतात. किनाऱ्यावर पोचताच तो मारला गेला आणि नव्या वेदीवर त्याचाच देह वाहिला गेला. तो का गेला, यावर आजही वाद आहे. मला वाटतं, आणखी रक्तपात नको म्हणून तो गेला असावा.

भविष्यवाणी १८१० मध्ये खरी ठरली, सगळी बेटं एका राज्यात आली. पण १८१९ मध्ये कामेहामेहा वारला आणि त्याच वर्षी त्याच्या मुलाने, लिहोलिहोने, जुने धार्मिक निर्बंधच मोडले. मूर्ती जाळल्या गेल्या, मंदिरं ओस पडली.

टेकडीखालच्या समुद्रात शार्कदेवांचं हाले ओ कापुनी हे मंदिर बुडालेलं आहे, असं मानतात. २००६ च्या भूकंपात पुउकोहोलाच्या भिंती ढासळल्या, त्या जुन्याच कोरड्या पद्धतीने पुन्हा रचल्या. जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की चौथऱ्यावर चढता येत नाही, मंदिर बाहेरूनच बघायचं. हवाईयन लोक आजही तिथे विधी करतात.