सामना पाहिला, तर मी गद्दार का?

डिसेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियाला २०३४चा फुटबॉल विश्वचषक मिळाल्याचं जाहीर झालं आणि ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येऊ लागला. समलिंगी संबंध जिथे गुन्हा आहे, तिथले सामने बघणं ही आपल्याच माणसांशी गद्दारी नाही का? वाशीहून आलेल्या एका आईनेही तो विचारला, लेकीसाठी.

ओंकार (नाव बदललं आहे) चोवीस वर्षांचा. तो समलिंगी आहे हे मित्रांना ठाऊक, घरी नाही. २०२२च्या कतार विश्वचषकात बाबा हॉलमध्ये एकटे सामने बघायचे आणि हा आत दार लावून मोबाइलवर स्कोअर. मग त्याचीही लाज वाटायची.

"बहिष्कार टाकायलाच हवा, मॅडम. नाहीतर मी कसला?"

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे 'हवंच', 'पाहिजेच' अशा हट्टी विचारांना प्रश्न विचारत काम करते, त्यामुळे माझे कान आधी त्या 'च'पाशी थांबतात. बहिष्कार टाकावासा वाटणं हे त्याचं मूल्य. टाकला नाही तर मी कवडीमोल, ही त्याने स्वतःला सुनावलेली शिक्षा. पण हे नुसतं सांगून पटत नाही. तीन भेटी आम्ही तिथेच घुटमळलो.

चौथ्या भेटीत विचारलं, "बाबांबरोबर स्टेडियममध्ये कधी गेला होतास?"

त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, ऑक्टोबर २०१७, सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना, स्पेन विरुद्ध माली. बाबांच्या डोक्याला रुमाल, हातात अर्धा वडापाव.

"तेव्हा आपल्याकडे कायदा काय होता?"

तो फोटोकडे बघत राहिला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून ते वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. म्हणजे त्या संध्याकाळी यजमान आपण होतो आणि गुन्हा आपल्याकडेही होता.

"एखाद्या संघाने भारतात यायला नकार दिला असता तर?"

"बरं वाटलं असतं. आपल्यासाठी कुणीतरी बोलतंय." मग आवाज बसला. "पण ती मॅच गेली असती. बाबा त्या दिवशी माझ्याशी तीन तास बोलले होते."

हा प्रश्न मला नेमक्या वेळी सुचला, याचं समाधान आजही आहे. दोन्ही वाक्यं खरी होती आणि ती एकाच मनात मावली. बहिष्काराचं दार त्याने कतारसाठी लावलं नव्हतंच. बाबांच्या शेजारी बसलो तर आपण समलिंगी असल्याचं तोंडून निघून जाईल, ही भीती होती.

म्हणून सांगते, बहिष्कार हे साधन आहे, ती तुमच्या निष्ठेची परीक्षा नाही. आपल्या हातात किती आहे तेही पाहा. कतारमध्ये सात युरोपीय संघांच्या कर्णधारांनी भेदभावाविरोधातला, समलिंगींना पाठिंबा दाखवणारा 'वनलव्ह' आर्मबँड बांधायचं ठरवलं आणि फिफाने पिवळ्या कार्डाची भीती घालताच बेत सोडला. समलैंगिकतेच्या 'प्रचारा'वर बंदी घालणाऱ्या रशियाच्या २०१३च्या कायद्यावर एवढा गदारोळ होऊनही २०१४चं सोची ऑलिंपिक पार पडलं. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑलिंपिक सनदेच्या भेदभावविरोधी तत्त्वात लैंगिक कलाचा उल्लेख आला. बोलत राहण्यालाही वजन असतं. तिकीट घ्यायचं नाही, जर्सी घ्यायची नाही, टीव्ही बंद ठेवायचा, यातलं काहीही निवडा. फक्त त्यामुळे घरातलं कोण तुटतंय, एवढं तपासा.

ओंकारने सौदीला कधीच न जाण्याचं ठरवलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. पण चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने मध्यरात्रीनंतर असतात, तेव्हा तो हॉलमध्ये येऊन बसतो. बाबा चहा दोन कप टाकतात.