चिप निघाली तरी लिनक्स कर्नल टिकला पाहिजे

टीपीएम, म्हणजे किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप; तिच्या ड्रायव्हरचा तुझा पॅच (कोडमधला बदल) वाचला. रिमूव्हमध्ये, म्हणजे चिप निघताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तू थेट मेमरी मोकळी करतोयस, तिथेच घात आहे. टीपीएम चिप गेली तरी एखाद्या प्रोग्रॅमने तिची डिव्हाइस फाइल उघडून धरलेली असते. त्याचा पुढचा रीड त्या मोकळ्या मेमरीवर जातो.

लिनक्सचा टीपीएम कोअर काय करतो ते बघ. आधी ऑप्सचा (ड्रायव्हरच्या फंक्शनांच्या यादीचा) सेमाफोर, म्हणजे एक प्रकारचं कुलूप, राइटसाठी घेतो, म्हणजे चालू कमांड पुरी होते. टीपीएम 2.0 असेल तर शटडाउन पाठवतो, मग ऑप्सचा पॉइंटर नल (रिकामा) करतो. नंतर येणाऱ्याला एरर मिळते. चिपची माहिती ठेवणारं मेमरीतलं स्ट्रक्चर मात्र शेवटचा रेफरन्स सुटेपर्यंत जिवंत राहतं. हा क्रम पाठच कर.

चाचणी सिसएफएसच्या (कर्नलच्या /sys फाइलींच्या) अनबाइंडने, म्हणजे ड्रायव्हर चिपपासून सोडवून, घे. वीज चालू असताना टीपीएमचं मॉड्यूल हेडरवरून (बोर्डवरच्या पिनांवरून) उपटू नकोस, बाबा.

आणि तू रत्नागिरीत बसून काम करतोस. खाऱ्या हवेने पिना हिरवट पडतात, पावसाळ्यात तर फारच. चिपची स्थिती सांगणारी स्टेटस बाइट सारखी एफएफ (सगळे बिट एक) येत असेल तर आधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. त्या बाइटमधले काही बिट शून्यच असायला हवेत, ते ड्रायव्हरमध्ये तपास. एफएफला खरं उत्तर समजू नकोस. डिस्कची किल्ली त्याच चिपने सील केली, म्हणजे तिच्याशिवाय उघडणार नाही अशी बांधली, असेल तर रिकव्हरी की आजच दुसरीकडे ठेव.