बायपासआधी रक्त वाढवायचं कसं आणि नंतर टिकवायचं कसं?

लातूरहून विचारलंय: वहिनीचं वय ३४, वजन १०८ किलो, दोन महिन्यांनी छत्रपती संभाजीनगरला गॅस्ट्रिक बायपास (वजन उतरवायला जठर लहान करून आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळायचं ऑपरेशन) ठरलीय. हिमोग्लोबिन ९.२, फेरिटिन ३८, बी१२ १४०, व्हिटॅमिन डी ११. घर शाकाहारी, थायरॉइडची गोळी चालू, पाळीला अंगावरून जास्त जातं. गावातले डॉक्टर म्हणतात, फेरिटिन नॉर्मल आहे, लोहाचं काही नाही, एक बाटली रक्त चढवा.

रक्ताची बाटली नको. ९.२ ला, धाप किंवा छातीत दुखणं नसेल तर, तिची गरज नसते. एका पिशवीने हिमोग्लोबिन जेमतेम १ ने वाढतं, त्यातून मिळणारं लोह २०० ते २५० मिलिग्रॅम, आणि कमतरतेचं कारण जागच्या जागी राहतं.

फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, पण तो इथे फसवतो. लठ्ठपणात अंगात कायम थोडी आतली, बाहेरून न दिसणारी सूज (इन्फ्लमेशन) असते आणि सूज असली की फेरिटिन वर जातं, साठा रिकामा असला तरी. म्हणून सीरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता) करून घ्या. आयर्नला टीआयबीसीने भागून १०० ने गुणा. उत्तर २० च्या खाली आलं तर लोह कमी आहे, फेरिटिन काहीही म्हणो. सोबत सीआरपी ही रक्ततपासणी केली तर सूज किती तेही कळतं. सीबीसीमधल्या एमसीव्हीवरही (लाल पेशींचा सरासरी आकार) भरवसा ठेवू नका. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी नॉर्मल दिसते. अशा वेळी आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) वाढलेला असतो, तो बघा.

त्याच सुजेमुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. त्यामुळे लठ्ठ माणसाला गोळ्या कमी लागू पडतात. गोळी घ्यायचीच असेल तर रोज दोन घेण्यापेक्षा एक दिवसाआड एक बरी, कारण मोठ्या डोसनंतर हेप्सिडिन साधारण २४ तास चढलेलं राहतं. पण हातात दोनच महिने, त्यात पाळीचा रक्तस्राव. माझं मत शिरेतून लोह देण्याकडेच जातं.

किती द्यायचं याचा हिशोब: आदर्श वजन × हिमोग्लोबिनमधली तूट × २.४, अधिक साठ्यासाठी ५००. इथे १०८ धरायचं नाही, उंचीप्रमाणे येणारं आदर्श वजन धरायचं. ते ५५ असेल आणि १३ गाठायचं असेल तर ५५ × ३.८ × २.४ म्हणजे सुमारे ५००, अधिक ५००. एकूण १००० मिलिग्रॅम. शिरेतून द्यायच्या लोहाची दोन औषधं सहसा मिळतात. आयर्न सुक्रोजने २०० च्या पाच फेऱ्या होतात. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज एकाच बैठकीत १००० देता येतं, किमान १५ मिनिटांत, पुढे अर्धा तास नजरेखाली. सुई टोचली तिथे जळजळ झाली तर लगेच सांगायचं. औषध शिरेबाहेर गेलं तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्महिने राहतो. कार्बॉक्सिमाल्टोजने रक्तातलं फॉस्फेट उतरू शकतं, डी कमी असेल तर जास्तच. म्हणून डी आधी सुरू करा. नंतर फेरिटिन लगेच तपासू नका, खोटं उंच येईल. किमान चार आठवडे जाऊ द्या.

डीचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक, आठ आठवडे, आणि पोटभर जेवणानंतर, कारण चरबीशिवाय ते नीट शोषलं जात नाही. बी१२ ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, असा क्रम सहसा असतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ आणखी खाली ओढलं जातं, ते सांगून ठेवा. आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गोळी चांगली आहे, पण बी१२ १४० असताना आधी बी१२ सुरू झालं पाहिजे. नुसत्या फॉलिकने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. एच. पायलोरीची तपासणीही आधीच उरका, तो जंतूही लोह कमी करतो.

आता ऑपरेशननंतर. लोह मुख्यतः जठरालगतच्या आतड्यात शोषलं जातं आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. ॲसिड कमी, त्यात सुरुवातीचे काही महिने पॅन्टोप्राझोल ही ॲसिड कमी करणारी गोळी, म्हणजे आणखी कमी. बी१२ ला लागणारा जठरातला घटकही अन्नाला वेळेवर भेटत नाही. म्हणून पुढचे डोस आयुष्यभराचे आहेत. पाळी चालू असलेल्या बाईला रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम एलिमेंटल (म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष) लोह, मल्टिव्हिटॅमिनमधलं धरून. बी१२ तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला एक इंजेक्शन. डी रोज ३००० युनिट, पातळी ३० च्या वर जाईपर्यंत. महिन्याला एक पाकीट म्हणजे रोजचे २०००च झाले, ते पुरत नाही. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, आहारातलं धरून. अंतिम आकडे तुमचे सर्जन रिपोर्ट बघून ठरवतील.

लेबल वाचताना ‘एलिमेंटल’ शब्द शोधा. फेरस फ्युमरेट ३०० मिलिग्रॅम म्हणजे लोह जवळपास १००. कॅल्शियमचंही तसंच. दुकानात ‘कॅल्शियम ५००’ मागितलं की बहुतेक वेळा कार्बोनेट मिळतं. ते विरघळायला ॲसिड लागतं, जे आता कमी आहे. सायट्रेट मागा, पण १००० मिलिग्रॅम सायट्रेटमध्ये खरं कॅल्शियम सुमारे २१०च असतं, त्यामुळे गोळ्या जास्त लागतात. एका वेळी ५०० ते ६०० च्या वर शोषलं जात नाही. व्हिटॅमिनच्या गमी (चघळायच्या मऊ गोळ्या) चालणार नाहीत, बहुतेकींत लोह नसतं.

खरी गोची वेळापत्रकाची. थायरॉइडची गोळी पहाटे सहाला, तिच्यात आणि लोह-कॅल्शियममध्ये चार तास. दहाला मल्टिव्हिटॅमिन. कॅल्शियम एकला आणि पाचला. संध्याकाळी सातला जेवण, नऊला लोह लिंबूपाण्यासोबत, आणि घेतल्याबरोबर आडवं व्हायचं नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तास, म्हणून लोह ताकासोबत नाही. चहाही तासभर दूर. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी जरूर खा, पण भाकरीतल्या फायटेटमुळे (लोहाला धरून ठेवणारा घटक) त्यातलं लोह थोडंच मिळतं. आहाराने ही तूट भरत नाही. खाण्यात आधी प्रथिनं, दिवसाला ६० ते ८० ग्रॅम.

एक धोका मी सगळ्यात वर ठेवेन, कारण आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की सलाईन लावतात. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील तर बी१, म्हणजे थायमिन, झपाट्याने संपतं. त्यात डेक्स्ट्रोजची बाटली चढली तर उरलंसुरलंही वापरलं जातं आणि डोळे तिरके फिरणं, तोल जाणं, भ्रम असं सुरू होतं. वेळेत थायमिन न मिळाल्यास स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं. गावातल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा: बायपास झालीय, ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन. आणि त्याच दिवशी सर्जनला फोन.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद. तंबाखू आणि मिश्रीही. जठर आणि आतडं जिथे जोडलंय त्या जागी अल्सर होऊन थेंबथेंब रक्त जातं आणि लोह कितीही घातलं तरी चढत नाही. लोहाच्या गोळीने शौच काळं होतंच, पण डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधीचं असेल तर ते रक्त समजा. पाळीचा इलाज स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आत्ताच ठरवा. तांबी रक्तस्राव वाढवू शकते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही. गरोदरपण १२ ते १८ महिने टाळायचं असतं.

तपासण्या ३, ६, १२ महिन्यांनी, पुढे दरवर्षी: सीबीसी, आयर्न, फेरिटिन, बी१२, फोलेट, डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक). तिसऱ्या महिन्यानंतर केस गळतील, ते वजन झरझर उतरल्यामुळे, बहुतेकदा आपोआप थांबतं. त्यासाठी मनाने झिंक सुरू करू नका. जास्त झिंकने शरीरातलं तांबं उतरतं, आणि मग लोहाला दाद न देणारा ॲनिमिया आणि पायांना मुंग्या येतात. केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन थायरॉइडचे रिपोर्ट चुकवतं, तपासणीला रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी ते बंद ठेवा.