बिटकॉइन २.१ कोटी, माणसं ८०० कोटी: मग ठेव मोडायची का?

कराडच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४२, खासगी कारखान्यात नोकरी, पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावी सायन्सला. आईच्या नावची जागा विकून आलेले ११ लाख एका नागरी सहकारी बँकेत त्यांच्या एकट्याच्या नावाने दोन पावत्यांवर ठेवले आहेत. सात लाखांच्या पावतीची मुदत पुढच्या महिन्यात संपते, चार लाखांची वर्षभराने. गृहकर्ज १४ लाख बाकी. ते लिहितात: "ताई, बिटकॉइन फक्त २.१ कोटी निघणार आणि जगात माणसं ८०० कोटी. प्रत्येकाला एक मिळणं शक्यच नाही, म्हणजे भाव चढणारच. नऊ लाख टाकावेत असं मनात आहे. पण बायको म्हणते, जे सगळ्यांना पुरणारच नाही ते जगाचं चलन होणार कसं? महिनाभर घरात यावरून वाद चाललाय. काय करू?"

नमस्कार. आधी वहिनींच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण तुमच्या नऊ लाखांचा निर्णय त्याच प्रश्नात दडलेला आहे.

पुरण्याचं म्हणाल तर पुरतील. आपल्याकडे सोनं तोळ्यात मोजत, तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. तोळा परवडला नाही म्हणून कुणी सोन्यावाचून राहिलं नाही, गुंजभर घेतलं. बिटकॉइनची गुंज फार बारीक आहे. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात आणि त्या भागाला सातोशी म्हणतात. २.१ कोटी नाण्यांचे मिळून २१०० लाख कोटी सातोशी झाले. ते ८०० कोटी माणसांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला २ लाख ६२ हजार ५०० सातोशी येतात. बिटकॉइनचा भाव समजा एक कोटी रुपये झाला, तरी एक सातोशी दहा पैशांचा पडेल. म्हणजे चहाचे पैसे द्यायला सुट्यांची अडचण नाही. एकूण नाणी किती, यावरून एखादं चलन जगाला पुरेल की नाही हे ठरत नाही.

आता हेच गणित तुमच्या बाजूने लावून बघा. "प्रत्येकाला एक मिळणं शक्य नाही" हा तुमचा आधार आहे. पण अख्खं एक नाणं कुणाला हवंय कशाला? तुम्हीही घेणार आहात तो तुकडाच. जगाला वापरायला तुकडे पुरत असतील, तर लोकसंख्येमुळे टंचाई होऊन भाव चढणार हा युक्तिवाद उरत नाही. भाव चढेल तो मागणी वाढली तर. मर्यादित पुरवठा ही अर्धी बाजू झाली, उरलेली अर्धी मागणीची, आणि तिची हमी बिटकॉइन ज्या संगणकीय नियमांवर चालतं त्यांत कुठेही लिहिलेली नाही. बिटकॉइनचे व्यवहार साधारण दर दहा मिनिटांनी एका गठ्ठ्यात नोंदले जातात, त्या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात. २००९ मध्ये दर ब्लॉकमागे ५० नवी नाणी निघत होती. साधारण चार वर्षांनी ती निम्मी होत जातात, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ निघतात. हे सगळ्या जगाला आधीपासून माहीत आहे. जे वेळापत्रक सगळ्यांना ठाऊक आहे त्यावर फक्त आपल्यालाच फायदा होईल, असं धरून चालता येत नाही.

खरी चणचण आहे ती व्यवहाराच्या जागेची. बिटकॉइनच्या मूळ वहीत, म्हणजे हे ब्लॉक जिथे एकामागे एक लिहिले जातात तिथे, सेकंदाला फार तर सातच्या आसपास व्यवहार नोंदता येतात. दिवसाचे झाले सहा लाख. ८०० कोटी माणसांनी रांग लावली, तर प्रत्येकाला एक व्यवहार करायला मिळेपर्यंत छत्तीस वर्षं लागतील. आयुष्यात दोन व्यवहार, एक लग्नाच्या वेळी आणि एक निवृत्तीच्या! आपलं यूपीआय बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यावर महिन्याला २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. म्हणजे बिटकॉइनचं दिवसभराचं काम यूपीआय दीड मिनिटात उरकतं. ही तुलना थोडी अन्यायाची आहे, ते मान्य. यूपीआयच्या मागे बँका आहेत, रिझर्व्ह बँक आहे, आणि आपण त्यांच्यावर विश्वास टाकतो. बिटकॉइनमध्ये मधला माणूस कुणीच नाही, प्रत्येक नोंद जगभरचे हजारो संगणक तपासतात. कुणावरही विश्वास न ठेवता हिशोब चोख राहतो, हे मला मनापासून अफाट वाटतं. पण त्याची किंमत म्हणून वेग जातो, आणि गर्दी झाली की फी चढते. एप्रिल २०२४ मध्ये नवी नाणी निम्मी होण्याच्या दिवशी एका व्यवहाराची सरासरी फी शंभर डॉलरच्या वर गेली होती. शंभर डॉलर फी देऊन भाजी कोण आणेल?

यावर लाइटनिंग नावाचा उपाय आहे. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा: रोजचे व्यवहार वहीत, महिनाअखेरीस एकदाच हिशोब चुकता. तो चालतो, छोट्या रकमांना उत्तम चालतो. फक्त ती वही उघडायला आणि बंद करायला पुन्हा मूळ वहीतच नोंद करावी लागते. लाइटनिंगची कल्पना मांडणाऱ्या २०१६ च्या लेखातच हिशोब दिलाय की ७०० कोटी लोकांना वर्षाला दोन-दोन वह्या उघडू द्यायच्या तर १३३ एमबीचे ब्लॉक लागतील. आजचा ब्लॉक कमाल ४ एमबीचा. म्हणून सगळं जग आलंच, तर बहुतेक लोक कुठल्या तरी कंपनीच्या खात्यातून बिटकॉइन वापरतील. नाव बिटकॉइन, पण पुन्हा मधला माणूस आलाच.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या देशाने बिटकॉइन चलन म्हणून वापरून पाहिलं. ७ सप्टेंबर २०२१ पासून तिथे बिटकॉइन कायदेशीर चलन झालं, दुकानदारांना ते घेणं सक्तीचं झालं, सरकारी अ‍ॅप उतरवणाऱ्याला ३० डॉलरचं बिटकॉइन भेट मिळालं. लोकांनी ते तीस डॉलर खर्च केले आणि बहुतेकांनी पुढे ते अ‍ॅप वापरलंच नाही. परदेशातून घरी पैसे पाठवणारी माणसं त्या देशाचा कणा आहेत, पण त्यांचाही फार थोडा पैसा या वाटेने आला. जानेवारी २०२५ मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी कर्जाचा करार झाल्यावर, सक्ती काढून टाकण्यात आली. त्या छोट्या देशात नाणी कमी पडली म्हणून हे झालं नाही. ज्याचा भाव रोज हलतो त्यात पगार घ्यावा आणि डाळ-तांदूळ आणावा, असं लोकांना वाटलं नाही.

इथे एक गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण तुमच्या डोक्यावर कर्ज आहे. पुरवठा ठाम बांधलेला असावा ही मागणी वेडगळ नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपया किती काढायचा याला मर्यादा हवी, ते सरकारच्या मर्जीवर सोडू नये, अशीच भूमिका घेतली होती. महागाईने ज्याची पुंजी झिजली आहे त्याला हे लगेच पटतं. पण चलन वाढतच नाही आणि त्या चलनात मोजायचा माल मात्र वाढतो, तेव्हा मालाचे भाव आणि पगार घसरतात. कर्जाचा आकडा जिथल्या तिथे राहतो. तुमचे १४ लाख असे घसरत्या पगारातून फेडायचे आहेत, अशी कल्पना करा. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतावण्या आणि कर्जरोखे जाळले. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सारा रोखीत भरायचा होता, आणि कर्ज तेजीच्या काळात काढलेलं. त्याचं कारण नाण्यांची टंचाई नव्हतं. पण भाव पडत असताना कर्ज कसं गळ्याशी येतं, ते दख्खनच्या त्या दंग्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसत नाही. सोन्याच्या साठ्यात निदान खाणींमुळे दरवर्षी थोडी भर पडते. बिटकॉइनमध्ये २१४० च्या सुमारास ती पूर्ण थांबेल. अशा चलनात गृहकर्ज द्यायला आणि घ्यायला जग तयार होईल, असं मला वाटत नाही.

आणि ते "सारखे वाटले तर" विसरू नका. कुणीही वाटणार नाहीये. सुरुवातीला आलेल्यांकडे ढिगाने नाणी आहेत. एका अमेरिकी कंपनीनेच जुलै २०२५ पर्यंत सहा लाखांवर नाणी जमवली होती. उशिरा येणाऱ्याने ती त्यांच्याकडून त्यांच्या भावाने घ्यायची. कराडमधून आज तुम्ही घेता, तेव्हा तुम्ही आधीचे की उशिराचे, हा विचार शांतपणे करा.

मग बिटकॉइन म्हणजे काहीच नाही का? तसं मी म्हणणार नाही. माझ्या मते ते सोन्याच्या जातीचं आहे: रोज खर्चायचं नाही, काही लोक बाजूला ठेवायला घेतात, आणि जोवर घेणारे आहेत तोवर त्याला भाव आहे. पंधरा-सोळा वर्षं ते टिकलं, मोठ्या संस्था आल्या, डिसेंबर २०२४ मध्ये एक लाख डॉलर ओलांडले. थोडंसं ठेवण्यात गैर नाही. ११ पैकी ९ लाख ठेवणं मात्र तुमच्या घरासाठी चूक आहे, आणि ते मी स्पष्टच सांगते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास होता, वर्षभरात तो १६ हजारांवर आला. त्या शिखरावर तुमचे ९ लाख गेले असते तर डॉलरच्या हिशोबात २ लाख १० हजार उरले असते. भाव परत वर आला, खरं आहे, मार्च २०२४ मध्ये. म्हणजे सव्वादोन वर्षांहून जास्त काळाने. तुमची मुलगी दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला जाणार. कॉलेज फी भरायची तारीख भाव सावरेपर्यंत थांबत नाही.

करही बघा. नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर उपकर धरून ३१.२. लाखभर नफा झाला तर ३१,२०० गेले. दुसऱ्या एखाद्या क्रिप्टोत लाखाचा तोटा झाला असेल तर तो वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. विकताना १ टक्का टीडीएस कापतात. शिवाय ठेवायचं कुठे हा प्रश्न राहतोच. जुलै २०२४ मध्ये क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एका मोठ्या भारतीय एक्स्चेंजमधून जवळपास २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली आणि लोकांचे पैसे अडकून पडले. स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलं तर बारा किंवा चोवीस शब्दांची चावी सांभाळावी लागते. ती हरवली तर दाद मागायला कुणी नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं आणि वहिनींना ते शब्द माहीत नसले, तर ते पैसे गेले म्हणून समजा.

पण तुमचं पत्र वाचताना माझा जीव खरा अडकला तो दुसरीकडे. अकरा लाख एकाच सहकारी बँकेत, एकाच नावावर? ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच असतो. तोही फेब्रुवारी २०२० मध्ये वाढला, आधी लाखच होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा निवृत्त माणसं औषधाला पैसे काढता येईनात म्हणून बँकेच्या दारात रडत होती. तुमची बँक वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला ती माहीतही नाही. पण सहा लाखांहून जास्त रक्कम विम्याबाहेर आहे, आणि हा धोका तुम्ही आजच, कुठल्याही परताव्याच्या आशेशिवाय, घेतलेला आहे. तो आधी मिटवा.

चार लाखांची पावती विम्याच्या मर्यादेत राहते, तिला हात लावू नका, मोडलीत तर व्याज कापतील. ती मुलीच्या शिक्षणाची समजा. पुढच्या महिन्यात हातात येणाऱ्या सात लाखांपैकी तीन लाख दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात ठेवा. ते अडीअडचणीचे, त्यांना शेअर नाही, क्रिप्टो नाही, काही नाही. दीड लाख पोस्टातच दोन वर्षांच्या ठेवीत वहिनींच्या नावाने, तेही मुलीसाठी. उरले अडीच. तुमचा कर्जाचा दर तुम्ही ८.७५ लिहिलाय आणि ठेवीचा ७.२५. कर धरला नाही तरी दीड टक्का तुम्ही दरवर्षी बँकेला देताय. तेव्हा दोन लाख गृहकर्जाच्या मुद्दलात भरा, आणि हप्ता कमी करण्याऐवजी मुदत कमी करून घ्या, तसं लेखी द्या.

शेवटचे पन्नास हजार राहिले. ते बिटकॉइनमध्ये घालायचे की नाही हे दोघांनी मिळून ठरवा, वहिनींची संमती नसेल तर मुलीच्या ठेवीत टाका. घातलेत तर एकदम नको, महिन्याला तीन-साडेतीन हजार असे पंधरा महिने. वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरूनच घ्या, प्रत्येक खरेदीची नोंद वहीत ठेवा, विवरणपत्रात दाखवा, आणि खात्याची माहिती वहिनींना समजेल अशी लिहून कपाटात ठेवा. भाव दुप्पट झाला तरी रक्कम वाढवायची नाही.

सात लाखांच्या पावतीच्या मागे आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली आहे का, ते याच आठवड्यात बघा. दिली असेल तर मुदतीच्या दिवशी रक्कम पुन्हा त्याच बँकेत वर्षभरासाठी अडकेल. बचत खात्यात जमा करा असा अर्ज आधीच देऊन पोच घ्या.