अमेरिकेत टॅक्स लॉमध्ये संशोधन करायचंय म्हणता, तर...

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयकर अपिलांची वकिली चांगली चाललीये, पण आता अमेरिकेत एलएलएम, मग डॉक्टरेट आणि जमलं तर प्राध्यापकी. विषय ‘टॅक्स’. विद्यापीठ कुठलं निवडू?

विद्यापीठाचं नंतर बघू, आधी विषयाचं बोलतो. नुसत्या ‘टॅक्स’वर इथे तुमच्याकडे कुणी वळून बघणार नाही. कलमं आणि आकडेमोड कोळून प्यायलेले लोक इथे ढिगाने आहेत. प्रशासकीय कायदा आणि कर यांच्या सांध्यावर काम करणारे त्यामानाने कमी, आणि सध्या सगळी धमाल तिथेच चाललीये.

सरकारी खात्याने नियम कसे करावेत हे इथे १९४६ चा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसिजर ॲक्ट सांगतो: मसुदा छापा, हरकती मागवा, महत्त्वाच्या हरकतींना उत्तर द्या. कर खातं मात्र बरीच वर्षं ‘आमचं वेगळं’ म्हणत वेगळ्या पंक्तीला बसत आलं. २०११ साली मेयो फाउंडेशनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की करासाठी म्हणून वेगळं माप लावणार नाही. तेव्हा ते खात्याच्या पथ्यावरच पडलं. खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मानायचा, हे १९८४ च्या शेव्हरॉन निकालाचं कवच त्यांच्या नियमांनाही मिळालं. पण फायदे घ्यायचे तर बंधनंही आलीच. २०२१ मध्ये सीआयसी सर्व्हिसेसच्या खटल्यात, हरकती न मागवता काढलेल्या नोटिशीला एका सल्लागार कंपनीने दिलेलं आव्हान ऐकलं गेलंच पाहिजे, असं कोर्टाने एकमताने ठरवलं. आणि जून २०२४ मध्ये लोपर ब्राइट खटल्याच्या निकालाने शेव्हरॉनच मोडीत काढलं. वाद होता मासेमारीच्या बोटीवरच्या निरीक्षकाचा पगार कुणी द्यायचा याचा, आणि हादरे बसले ट्रेझरीच्या, म्हणजे इथल्या अर्थखात्याच्या, करनियमांना!

आता खरी गोम इथल्या करसंहितेच्या कलम ७८०५ मध्ये आहे. ‘आवश्यक ते सर्व नियम’ करण्याचा अधिकार ते ट्रेझरीला देतं. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, अधिकार सोपवला असेल तर त्याची बूज राखू, असं लोपर ब्राइटमध्येही म्हटलंय. मग इतका मोघम अधिकार त्यात बसतो का? यावर वाद चालू आहे, म्हणजेच तुम्हाला जागा आहे.

शिवाय तुमच्याकडे इथल्या बऱ्याच जणांकडे नसलेलं भांडवल आहे. भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ११९ खालची सीबीडीटीची (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची) परिपत्रकं अधिकाऱ्यांना बांधतात, करदात्याला नाही, हे तुम्ही रोज वापरता. मॉरिशसबरोबरच्या करकराराबद्दलचं २००० सालचं परिपत्रक ७८९ आपल्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये आझादी बचाओ आंदोलनच्या खटल्यात उचलून धरलं, हेही तुम्हाला तोंडपाठ असेल. पण म्हणून प्रस्तावाला ‘भारत आणि अमेरिका: एक तुलना’ असलं नाव देऊ नका. असले प्रस्ताव पोत्याने येतात. प्रश्न मांडा: कुणाचीही हरकत न मागवता काढलेला कागद खात्याला बांधतो आणि करदात्याला मोकळं ठेवतो, या एकतर्फीपणाचा पाया काय? भारत त्यात पुरावा म्हणून येऊ दे.

प्रस्ताव लिहिण्याआधी आल्टेराचा खटला मुळापासून वाचा, नुसते निकाल नकोत. ट्रेझरीचा २००३ चा नियम: समूहातल्या कंपन्यांनी संशोधनाचा खर्च वाटून घेताना कर्मचाऱ्यांच्या स्टॉक ऑप्शनचा खर्चही धरायचा. हरकत घेणाऱ्यांनी दाखवून दिलं की एकमेकांशी संबंध नसलेल्या कंपन्या असं करत नाहीत. नियमासोबतच्या प्रस्तावनेत ट्रेझरीने त्यावर काय उत्तर दिलं, ते पेन्सिल घेऊन ओळीओळीने बघा. कर न्यायालयाने २०१५ मध्ये १५ विरुद्ध ० मतांनी नियम उडवला, नवव्या सर्किटने (वरच्या अपील कोर्टाने) २०१९ मध्ये तो पुन्हा उभा केला, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला. हरकत एक, उत्तर एक, आणि न्यायाधीश दोन टोकांना. हे का झालं ते स्वतःच्या शब्दांत दोन पानांत मांडता आलं, तर तुमची तयारी झाली असं समजा. मिनेसोटा विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक क्रिस्टिन हिकमन यांचं लिखाणही सोबत ठेवा. हा सांधा त्यांनी लवकर ओळखला.

आता व्यवहार. टॅक्सचा एलएलएम हा वकिलांसाठीचा कोर्स आहे, संशोधकांसाठीचा नाही. तुम्हाला साधा एलएलएम बरा, ज्यात मोठा निबंध लिहिता येईल. इथली डॉक्टरेट म्हणजे एसजेडी किंवा जेएसडी, आणि तिला सहसा आधी एलएलएम लागतो, बरेचदा त्याच विद्यापीठाचा. एलएलएमचा खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती मिळाली तर उत्तम, पण तिच्या जे-१ व्हिसामागे दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे आणि ती पुरी केल्याशिवाय किंवा माफ झाल्याशिवाय नोकरीचा एच-१बी व्हिसा मिळत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलात तर शिक्षणानंतर कामाला १२ महिने, कायद्याला स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणारी) मुदतवाढ नाही.

एक गंमत ऐकून ठेवा. इथली बहुतेक लॉ रिव्ह्यू, म्हणजे कायद्याची संशोधनपत्रिका, विद्यार्थी चालवतात. एकच लेख एकाच वेळी अनेकांकडे धाडायचा, फेब्रुवारी किंवा ऑगस्टच्या आसपास, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याला तळटीप. ते विद्यार्थी एकेक तळटीप मूळ पानाशी ताडून बघतात. सवय आत्तापासून लावा.

आणि अमेरिकाच हवी असं नसेल तर व्हिएन्ना आणि नेदरलँड्सही बघा. तिथे पीएचडी बरेचदा पगारी नोकरी असते. फक्त तिथे विषय आंतरराष्ट्रीय कराकडे झुकतो, वर सांगितलेला सांधा तिथे इतका तापलेला नाही.