मुलाचा चॅनल बंद कसा करायचा, हे मी सांगणार नाही

प्रश्न: माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर असून चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी विज्ञानाचे व्हिडिओ करून तो नेटवर टाकतो. त्याच्या शिक्षणावर आम्ही अकरा लाख खर्च केले, ते असल्या खेळांसाठी नाही. गेट, एमपीएससी, नाहीतर परदेशात एमएस, काहीतरी कर म्हटलं की टाळतो. दिवाळीत रागाच्या भरात मी त्याचा कॅमेऱ्याचा स्टँड आणि लाइट माळ्यावर टाकून कुलूप लावलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. स्थळं येताहेत, लोकांना काय सांगू? हुशार इंजिनिअर असले उद्योग करत नाहीत. चॅनल बंद करायला त्याला कसं तयार करावं? सोबत लिंक पाठवत आहे.
– एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर:

नमस्कार.

तुम्ही लिंक पाठवलीत, पण स्वतः ती उघडलेली दिसत नाही. पत्रात खर्चाचा आकडा आहे, परीक्षांची यादी आहे, स्थळांची चिंता आहे. मुलगा त्या व्हिडिओत नेमकं काय दाखवतो, याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

त्याहून जास्त काळजी मला त्या कुलपाची वाटली. स्वतः कमावणारा मुलगा सणाला घरी येतो आणि त्याच्या पगारातून घेतलेली वस्तू तुम्ही माळ्यावर कोंडता. त्याच्या शिक्षणाला तुम्ही पैसे घातलेत, त्यातून तो शिकला, नोकरीला लागला. तो हिशेब तिथेच मिटला. आता त्याच अकरा लाखांच्या जोरावर त्याचा रविवार कसा जावा हेही ठरवायला गेलात, तर या वयाचा मुलगा भांडत बसत नाही, तो बोलणं बंद करतो. तुमच्या घरी तेच झालंय. कमी मार्कांमुळे दुरावलेली घरं मी पाहते, पण ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ या वाक्याने दुरावलेली त्याहून जास्त पाहते. आधी ते सामान खाली काढा आणि त्याला फोन करून ‘चुकलं माझं’ असं सरळ सांगा. बाकीचं बोलणं त्यानंतर.

लिंक मी उघडली. प्रेशर कुकरवरचा व्हिडिओ होता. तुमचा मुलगा कुकरची शिट्टी काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवतो, ती ज्या नळीवर बसते त्या नळीच्या भोकाचा व्यास व्हर्निअरने (बारीक मापं घेणाऱ्या मोजपट्टीने) मोजतो आणि वजनाला भोकाच्या क्षेत्रफळाने भागतो. उत्तर येतं दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. बाहेरच्या हवेचा दाब असतोच, त्यावर तेवढाच आणखी दाब कुकरमध्ये साठला की वाफ शिट्टीला उचलते. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. आयुष्यभर कुकर लावणाऱ्या बाईलाही हा भागाकार कोणी करून दाखवलेला नसतो. कंपनीत दिवसभर मापं तपासणारा माणूसच असा विचार करू शकतो. अकरा लाखांचं शिक्षण वाया गेलं असं तुम्हाला वाटतंय, मला ते त्या सात मिनिटांत पुरेपूर दिसलं.

आता ‘हुशार इंजिनिअर असले उद्योग करत नाहीत’ हे तुमचं वाक्य. ते साफ चूक आहे, आणि त्याचा पुरावा पुण्यातच आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे, १९७५ चे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पुण्याला टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी होती. १९७८ साली ते रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्यांनी मुलांना भूमितीचे आकार हाताने करायला लावले. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन कलतो, हे एकदा बोटांना कळलं की पुलांना त्रिकोण का लागतात हे वेगळं शिकवावं लागत नाही. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली. त्यांचे व्हिडिओ मराठीतही आहेत आणि सगळे फुकट पाहता येतात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस काड्यांशी खेळत बसला.

हे वाचून मुलाने नोकरी सोडावी, असं मात्र मी म्हणत नाही. तो सोडणार आहे असं तुमच्या पत्रातही कुठे नाही, ती भीती तुमची आहे. अमेरिकेतला मार्क रोबरही मेकॅनिकल इंजिनिअर. २००४ पासून नासाच्या प्रयोगशाळेत होता, मंगळावर गेलेल्या क्युरिऑसिटी गाडीवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि यूट्यूबवर आला २०११ मध्ये, तेही नोकरीत असतानाच. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं प्रेक्षण लागतं. ते जमलं तरी मराठी विज्ञानाच्या चॅनलवर घरभाडं निघेल, असं मी कुणालाच सांगणार नाही. पगार चालू राहू द्यावा. त्याच्या व्हिडिओंना विषयही त्याच कारखान्यात, शॉप फ्लोअरवर मिळतात.

गेट, एमपीएससीची यांत्रिकी सेवा, परदेशातलं एमएस: तिन्ही वाटा त्याला अजून खुल्या आहेत, जायचं असेल तर तो स्वतः जाईल.

मुलासाठी एक सूचना आहे, ती त्याला वाचून दाखवा. कुकरचा व्हिडिओ बरोबर आहे, पण फार लवकर बरोबर होतो. ‘व्हेरिटासियम’ हा यूट्यूबवरचा विज्ञानाचा चॅनल चालवणाऱ्या डेरेक मुलरने २००८ साली सिडनी विद्यापीठात, व्हिडिओतून विज्ञान कसं शिकवावं याच विषयावर पीएचडी केली. त्याला दिसलं ते असं: सुबक, सरळ समजावणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडतो, सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि चाचणीत मार्क जवळपास तेवढेच राहतात. आधी लोकांच्या मनातली चुकीची समजूत बोलून दाखवली आणि मग ती तपासली, तर व्हिडिओ गोंधळाचा वाटतो, पण शिकणं जास्त होतं. कुकरच्या बाबतीत ती समजूत घरोघरी आहे. गॅस मोठा ठेवला की डाळ लवकर शिजते, असं लोक मानतात. पहिली शिट्टी लवकर येते हे खरं, पण त्यानंतर दाब शिट्टीच्या वजनाने ठरतो, मोठ्या आचेने नुसती वाफ आणि गॅस वाया जातो. हे त्याने आधी आईला विचारावं, तुम्हाला विचारावं, तुमची उत्तरं कॅमेऱ्यासमोर घ्यावीत आणि मग वजनकाटा काढावा.

स्थळांचं विचारलंत. मुलाचं लग्न माझा विषय नाही, तुम्हाला वाटणारी लाज आहे. ‘नोकरी करतो आणि मराठीत विज्ञान समजावून सांगतो’ एवढं सांगा. ज्या घराला हे कमीपणाचं वाटेल, तिथे तुमच्या मुलाचा निभाव लागणार नाही, ते आधी कळलेलं बरं.

पुढचं पत्र त्याने स्वतः लिहावं. रोज किती तास झोपतो, कंपनीत पुढे कोणतं काम शिकायला मिळणार आहे आणि व्हिडिओतला मजकूर टाकण्याआधी कोणाकडून तपासून घेतो, या तीन गोष्टी त्यात हव्यात. तपासणारं कोणी नसेल तर कॉलेजातल्या एखाद्या सरांना आजच विचारायला सांगा.