टॅब्लेटवरचं चित्र लाकडावर उतरवण्यापूर्वी

प्रिय,

तू पाठवलेली फाइल उघडून नीट पाहिली. निऑनच्या पाट्यांखाली, पावसात तलवार उपसून उभी असलेली गेममधली मुलगी. केसांवर तीन प्रकारची चमक, कोटावर सावल्यांचे चार थर, पाट्यांभोवती धूसर उजेड. एकूण बावीस लेअर. पडद्यावर झकास दिसतं. लाकडावर जायला मात्र ते अजून तयार नाही, आणि त्यात लाटा, चेरीची फुलं नि कोपऱ्यात लाल शिक्का टाकल्याने ते तयार होणारही नाही. जपानी छापचित्र सजावटीवर नाही, ठशांच्या, म्हणजे रेषांसाठी आणि प्रत्येक रंगासाठी वेगळ्या कोरलेल्या लाकडी पृष्ठांच्या, हिशेबावर उभं असतं. म्हणून हिशेबाचंच जास्त लिहिते.

आधी तुझी शंका. इतक्या जुन्या कलेत गेममधलं पात्र घेणं हा तिचा अपमान तर नाही ना? अजिबात नाही. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, काबुकी नाटकांतले नट, सुमो पैलवान, नावाजलेल्या गणिका यांची चित्रं चाहत्यांसाठीच छापली जात. प्रकाशक पैसा लावायचा आणि खप बघायचा. 1842 मध्ये सरकारने नट आणि गणिकांच्या चित्रांवर बंदी आणली, तेव्हा छापचित्रकार कुनियोशीने भिंतीवरच्या रेघोट्यांसारखी वेडीवाकडी चित्रं काढली आणि त्यांत नटांचे चेहरे घुसवले. अलीकडचं उदाहरण हवं तर 2012 मध्ये जेड हेन्री या अमेरिकी चित्रकाराने व्हिडिओ गेममधल्या पात्रांना एदोचा पेहराव चढवला, टोकियोत राहणाऱ्या डेव्हिड बुल यांनी ती चित्रं लाकडात उतरवली, आणि किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर या कामासाठी तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. 2018 मध्ये जपानी चित्रकार इशिकावा मासुमी यांनी ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीला जुन्या छापचित्रांच्या ढंगात आणलं. विषय नवा असला तर बिघडत नाही. हेन्रीची रेष बघ, ती जाड-बारीक होत जाते आणि कुठेतरी संपते. ती सुरीसाठी काढलेली रेष आहे. तुझी रेष सगळीकडे एकाच जाडीची आहे. पहिली दुरुस्ती तिथे कर.

बावीस लेअर सहा ठशांत बसव: एक रेषांचा, बाकी त्वचा, पिवळा, लाल, निळा आणि काळा. हिरवी पाटी हवी असेल तर पिवळ्यावर निळा चढव, वेगळा ठसा नको. सावलीही निळ्याचाच पातळ हात देऊन मिळते. प्लायच्या दोन्ही बाजू वापरल्यास तीन फळ्यांत काम होतं. चित्र 15 × 20 सेंटिमीटरपेक्षा मोठं घेऊ नकोस. निऑनचा उजेड रंगाने दाखवायला जाशील तर फसशील. पाटीची अक्षरं कोऱ्या कागदाचीच ठेव आणि भोवती एकच बोकाशी दे, म्हणजे गडदकडून फिक्याकडे विरत जाणारा रंग. पावसाचंही तसंच. छापचित्रकार हिरोशिगेने 1857 मध्ये ओहाशी पुलावरचा पाऊस नुसत्या बारीक काळ्या रेषांनी उभा केला, पण तशी उठावाची रेष कोरायला वर्षानुवर्षं मुरलेला हात लागतो. तू गडद पार्श्वभूमीच्या ठशात व्ही आकाराच्या कोरणीने एकेका फटक्यात खाच मार. छापल्यावर पांढरा पाऊस पडेल.

लाकडाचं थोडक्यात सांगते. जपानी कारागीर डोंगरी चेरी वापरतात, कारण तिचा रवा घट्ट असतो आणि केसाएवढी रेषही तग धरते. ती इथे परवडणार नाही. शिना या जपानी झाडाचा प्लाय मागवता आला तर उत्तम, जाडी 9 मिलिमीटर घे, पातळ फळी ओलीने वाकते. सागवान घेऊ नकोस, त्याचा पोत भरड आणि अंगात तेल. रेषांच्या ठशासाठी हेदूची गुळगुळीत रंधलेली फळी मिळाली तर बघ. प्लायवर 0.5 मिलिमीटरपेक्षा बारीक रेष ठेवू नकोस, वरचा पापुद्रा उडतो.

आता चित्र लाकडावर चढवणं. फाइल पातळ कागदावर लेझर प्रिंटरने छाप. इंकजेटची शाई खळीच्या ओलाव्याने पसरते, लेझरची पसरत नाही. खळ फळीला लाव, कागदाला नाही, नाहीतर कागद ताणून चेहरा रुंद होईल. छापील बाजू खाली करून कागद चिकटव. चित्र पाठीमागून उलटं दिसेल आणि उलटंच हवं आहे, छापल्यावर सरळ होतं. अर्धवट सुकल्यावर किंचित ओल्या बोटाने कागदाची पाठ चोळून काढ, रेषा स्वच्छ दिसेपर्यंतच. घाई केलीस तर रेषेसकट कागद निघेल.

कोरताना सुरी रेषेपासून बाहेर झुकलेली हवी. रेषेचा माथा अरुंद आणि पाया रुंद राहिला पाहिजे. सुरी आत झुकली की रेषेची मुळं पोखरली जातात आणि बारेनच्या, म्हणजे कागदाची पाठ घासायच्या चपट्या चकतीच्या, दाबाखाली ती पंधराव्या-विसाव्या छपाईला तुटते. रेषेच्या दोन्ही बाजूंनी काप घे, मग पलीकडून उलटा काप देऊन मधली ढलपी काढ. रेषेलगत दीड-दोन मिलिमीटर खोली पुरते, पण मोठी मोकळी जागा गोल कोरणीने चार मिलिमीटर तरी उतरव. ओला कागद तिथे खाली झोळतो आणि तळावरचा रंग उचलतो. एदोतल्या कारखान्यात चेहरा नि केस मुरलेल्या कारागिराकडे असत आणि कपडे, पार्श्वभूमी शिकाऊंकडे. तूही सोप्याकडून अवघडाकडे जा: आधी कोट, मग पाट्या, कपाळावरची केसांची कड सगळ्यात शेवटी, हात बसल्यावर आणि सुरीला नुकती धार लावून.

आणि केंतो. बहुतेक नवशिके इथेच घसरतात. केंतो म्हणजे कागद प्रत्येक वेळी त्याच जागी बसावा म्हणून ठशातच कोरलेल्या दोन खुणा. उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी खूण, आणि त्याच खालच्या कडेला डावीकडे, त्या कोपऱ्यापासून कडेच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, सरळ खूण. खोली मिलिमीटरभर. रेषांच्या ठशाबरोबरच या खुणा कोर. मग त्या ठशाच्या पातळ कोरड्या कागदावर पाच छाप काढ, खुणांसकट, आणि तेच छाप पाच रंगांच्या फळ्यांवर उलटे चिकटव. त्यावर लाल पेन्सिलने त्या त्या रंगाची जागा भर आणि कोर. रंगांचे ठसे थेट संगणकाच्या फाइलवरून कोरण्याचा मोह होईल. करू नकोस. चिकटवताना कागद थोडा ताणलेला असतो, कोरताना रेष थोडी सरकलेली असते, आणि फाइलला यातलं काही ठाऊक नसतं.

कागद कोझोच्या, म्हणजे जपानी कागदी तुतीच्या, धाग्याचा, सरस-तुरटीचा हात दिलेला घे. कच्चा कागद मिळाला तर हात घरी देता येतो: एक लिटर पाण्याला साधारण 20 ग्रॅम सरस आणि 10 ग्रॅम तुरटी. सरस रात्रभर भिजवून दुहेरी भांड्यात कोमट कर, उकळू नकोस, उकळल्याने त्याची पकड जाते. तुरटी वेगळी विरघळवून शेवटी घाल. ती जास्त झाली की कागद पुढे ठिसूळ होतो. हाताशिवाय छापलंस तर रंग टिपकागदासारखा फुटेल.

छपाईच्या आदल्या रात्री दर तिसऱ्या कागदाला रुंद ब्रशने पाणी लाव, चळत करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ आणि वर फळी ठेव. सकाळी कागद गार आणि लवचीक लागला पाहिजे, त्यावर पाणी चमकता कामा नये. विदर्भातल्या एप्रिलमध्ये चळत उघडी टाकलीस तर कडा लगेच सुकतील. कोकणातल्या जुलैत तीन-चार दिवस तशीच ठेवलीस तर बुरशी धरेल. काम अडलं तर चळत फ्रिजमध्ये ठेव.

खळ तांदळाच्या पिठाची. एका भागाला पाच-सहा भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. ठसा आधी ओल्या ब्रशने भिजव. मग त्यावर रंगाचे दोन-तीन ठिपके आणि शेंगदाण्याएवढी खळ ठेव, ब्रशने गोल फिरवून एकजीव कर आणि शेवटचे हात रव्याच्या दिशेने सरळ ओढ. कागद आधी उजव्या खुणेत, मग डाव्या, मग अलगद खाली सोड. बारेन मनगटाने नाही, खांद्यातून दाब. आधी रेषा, मग फिके रंग, मग गडद. पहिले तीन-चार कागद वाया जातात, कारण ठसा पाणी पिऊन स्थिर व्हायला वेळ घेतो. वीस चांगल्या प्रती हव्या असतील तर पंचवीस कागद भिजव. सहा ठसे म्हणजे दीडशे वेळा दाबणं, आणि काळ्याला दोनदा जावं लागतं, म्हणजे पावणेदोनशे.

तुझ्या कोटाचा सपाट काळा हाच या चित्रातला अवघड भाग आहे. त्यात तिळासारखे पांढरे ठिपके आले तर कागद कोरडा, खळ कमी किंवा दाब कमी, याच क्रमाने तपास. कडेला रंगाची गडद रेघ साचली तर पाणी जास्त झालंय. कागद ठशाला चिकटून धागे उपसले गेले तर खळ जास्त. ठिपके मुद्दाम आणण्याचीही रीत आहे, तिला गोमाझुरी म्हणतात. ओल्या डांबरी रस्त्यासाठी ती छान दिसेल, पण आधी सपाट काळा जमू दे.

रंग जागेवर बसत नसेल तर सगळे छाप शेजारी मांडून बघ. प्रत्येक कागदावर चूक एकाच दिशेला नि सारखीच असेल तर खूण चुकली आहे, ती पटाशीने किंचित तास किंवा लाकडाची ढलपी चिकटवून पुढे आण. चूक कागदागणिक वाढत असेल तर कागद सुकतोय. खुणांजवळ बरोबर आणि वरच्या टोकाला चूक असेल तर ओल कमी-जास्त झाली आहे. अशा वेळी ठशाला हात लावायचा नाही.

त्या लाल शिक्क्याबद्दल. जुन्या चित्रांवरचे शिक्के शोभेचे नव्हते: 1790 पासूनचा गोल शिक्का सरकारी मंजुरीचा, दुसरा प्रकाशकाचा, शेजारी चित्रकाराची सही. तुला जपानी वाचता येत नसताना कुठूनतरी उचललेली अक्षरं टाकशील तर वाचता येणारा माणूस आधी तिथेच अडेल. देवनागरीत तुझं नाव उभ्या चौकटीत लिही. उभ्या मांडणीत शिरोरेषा प्रत्येक अक्षरामागे तुटते, ते कसं सोडवायचं याचे चार-पाच नमुने काढ.

पात्र दुसऱ्याचं आहे, हेही विसरू नकोस. सरावासाठी छाप, घरी लाव. पण विक्रीला काढायचं असेल तर हक्क कंपनीचा, परवानगी लेखी हवी. ती मिळणं कठीण दिसलं तर पाऊस, पाट्या, तलवार तशीच ठेव आणि मुलगी तुझ्या मनातली काढ. रेषांचा ठसा कोरायच्या आधी हे ठरव, नंतर बदलायचं म्हणजे सगळ्या फळ्या वाया.

कोटाचा ठसा झाला की फोटो पाठव. दिवा एका बाजूला ठेवून तिरप्या उजेडात काढ, म्हणजे कापाचा उतार दिसेल. पहिल्या छापाच्या पाठीचाही काढ. दाब कुठे पोचला नाही ते पाठीवरच कळतं.